विषय : पत्त्याची सरकारी नोंदणी होऊ न शकणारं घर 'फॅमिली सेटलमेंट' पॅकेजमध्ये गळ्यात मारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा, पुणे कार्यालय

करार क्रमांक तुमच्याकडे आहेच. गेल्या पाच आठवड्यांत तो फोनवर इतक्यांदा सांगितलाय की माझ्या सात वर्षांच्या मुलीलाही पाठ झालाय. काल तुमच्या प्रतिनिधीशी सहावा फोन झाला. आता लेखीच देते.

म्युनिकमध्ये तुम्ही आम्हाला तीन महिन्यांसाठी जे घर दिलंत, त्याचा मालक वोनुंग्सगेबरबेस्टेटिगुंग द्यायला तयार नाही. हे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको : आम्ही त्या घरात राहायला आलोय, असा घर देणाऱ्याचा लेखी दाखला. 'आनमेल्डुंगसाठी', म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी, 'संपूर्ण साहाय्य' हे पॅकेजच्या सातव्या कलमात तुम्हीच छापलंय. नोव्हेंबर २०१५ पासून घरमालकाच्या या कागदाशिवाय नोंदणी होत नाही आणि राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. आम्ही १७ जानेवारीला आलो. आज १९ फेब्रुवारी आहे.

कागद का मिळत नाही, तेही मला त्या 'मालका'कडूनच कळलं. तो स्वतःच भाडेकरू आहे आणि पोटभाडेकरू ठेवायला मूळ मालकाची परवानगी त्याने घेतलेली नाही. घर देण्याआधी एवढं तपासायचं काम कुणाचं होतं?

नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही. कर क्रमांक नाही म्हणून माझा पहिला पगार सहाव्या करवर्गातून, म्हणजे सर्वांत जास्त कपात होऊन आला. नंतर परत मिळेल, मान्य. पण इथला दुकानदार दूध-भाजी उद्याच्या परताव्यावर देत नाही. मुलीची प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते आणि सरकारदरबारी आम्हाला पत्ताच नाही. पोरगी खिडकीत बसून समोरच्या शाळेची मधली सुट्टी बघते.

आलो त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. शनिवारची संध्याकाळ, बाहेर उणे तापमान, दोन वर्षांचा मुलगा कडेवर, सासूबाईंचे गुडघे, सहा बॅगा, आणि चावीच्या डब्याचा तुम्ही दिलेला आकडा चुकीचा. तुमचा चोवीस तासांचा हेल्पलाइन नंबर सव्वा तास वाजत राहिला. दार उघडेपर्यंत आठ वाजून गेले होते, म्हणजे दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे पुन्हा बंद. 'पहिल्या दिवसाचं किराणा किट' म्हणून ओट्यावर चहाच्या दोन पुड्या आणि सोड्याची एक बाटली. सासूबाईंनी त्या सोड्यात चहा टाकायचाही विचार केला. शेवटी रविवारी सकाळी नवरा मुख्य स्टेशनवर जाऊन दूध घेऊन आला. फार लिहीत नाही म्हटलं आणि लिहिलंच. असो.

कालच्या फोनवर मात्र नीट लिहिणार आहे. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता ना, मग ऐकाच.

तुमचे गृहस्थ सुरुवातीलाच म्हणाले, "मॅडम, तीन महिन्यांपर्यंत नोंदणी लागतच नाही." मी सांगितलं, ती सवलत एरवी परदेशात राहणाऱ्या पाहुण्यांना आहे. माझ्या सासूबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्यात, त्यांना ती लागू होते. मी इथे दीड वर्षाच्या नोकरीवर आलेय. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हीही टेम्पररीच की!" आणि हसले. एकटेच.

मग सात मिनिटं बासरी ऐकवली. परत आल्यावर "सोपा उपाय" सांगितला : "तिकडे कुणी ओळखीचं असेल ना? मंडळात वगैरे? त्यांच्या पत्त्यावर करून टाका." मी म्हटलं, अहो, जिथे कुणी खरंच राहत नाही, तिथला पत्ता नोंदणीसाठी देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या माणसाने आम्हाला पहिल्या आठवड्यात वरणभात खाऊ घातला, त्याच्या डोक्यावर हे ठेवू? उत्तर काय, तर "तेवढा कुणी करत नाही हो, मॅडम."

आणि शेवटी, "सरांना फोन देता का? त्यांना समजावून सांगतो."

सर स्वयंपाकघरात मुलाला भात भरवत होते. करार माझ्या नावावर आहे. नोकरी माझी, व्हिसा माझ्या नोकरीवर, पॅकेजचे २,८५,००० रुपये माझ्या खात्यातून गेलेत. सरांना यातलं काय समजावणार होता तुम्ही? सरांनी फोन घेतला असता तर त्यांच्यासाठी घराचा खरा मालक उगवणार होता का? पाच वर्षं टीम सांभाळते मी. असल्या प्रतिनिधीला माझ्या टीममध्ये... जाऊ दे.

माझ्या सहकारी मुलीने इथल्याच साध्या संकेतस्थळावरून घर घेतलं. तिला चावीबरोबर तो कागदही मिळाला. मी तुमच्याकडे आले ते पुण्यातलं ऑफिस, मराठीत बोलणारी माणसं, लेकरंबाळं घेऊन जायचंय तर आपलं कुणीतरी पाठीशी असावं म्हणून. त्या आपलेपणाचे तुम्ही वेगळे पैसे लावलेत, हे आता हिशेब मांडताना लक्षात येतंय.

२६ फेब्रुवारीपर्यंत एकतर तो कागद द्या, नाहीतर नोंदणी होईल असं दुसरं घर तुमच्या खर्चाने द्या. शिवाय सातव्या कलमाचे आणि किराणा किटचे पैसे परत करा. यातलं काही झालं नाही तर ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल होते, त्यासाठी मला पुण्याला यावं लागणार नाही. उत्तर लेखी द्या. फोन करू नका, आणि केलात तर सरांना मागू नका.

करारावर जिची सही आहे ती

ता. क. चावीच्या डब्याचा आकडा ४४१७ नाही, ४४७१ आहे. पुढचं कुटुंब आमच्यासारखं उभं राहायच्या आत दुरुस्त करून घ्या.