सबब सोडल्याशिवाय क्षमा नाही

महोदय,

गुन्हेगारालाच नायक करणाऱ्या टीव्ही मालिकांमुळे प्रेक्षकांचा विवेक बोथट होतो, अशी तक्रार धर्मनिष्ठ मंडळींकडून वारंवार ऐकू येते. मी स्वतः ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेली असल्यामुळे त्यामागची काळजी मला परकी नाही, परंतु तक्रारीचा रोख चुकला आहे असे मला वाटते. एकच माणूस प्रेमळ आणि निर्दय असू शकतो, हे बायबल कधीच लपवत नाही. स्तोत्रे रचणारा दावीद राजाच आपल्या सैन्यातल्या उरीयाच्या पत्नीला बळकावतो आणि ते झाकण्यासाठी उरीयाला लढाईत मरणाच्या तोंडी देतो. खरा धोका आहे तो वेगळाच. पात्राचा अपमान, आजारपण, ओढगस्त हे सारे इतक्या जिव्हाळ्याने दाखवले जाते की गुन्ह्यामागचे कारण कळले म्हणजे गुन्हा माफ झाला, असे आपण नकळत धरून चालतो. वास्तविक जेथे सबब पुरेशी असते तेथे क्षमेची गरजच उरत नाही. क्षमा लागते ती सबब संपल्यानंतर जे शिल्लक राहते त्याला.

'ब्रेकिंग बॅड' (2008 ते 2013) या अमेरिकन मालिकेतला रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो आणि हे सारे कुटुंबासाठी, असे पाच पर्वे सांगत राहतो. शेवटच्या भागात मात्र तो पत्नीसमोर मान्य करतो की हे मी माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते. ही कबुली खरी आहे, परंतु तिला पश्चात्ताप म्हणता येईल का, याविषयी मला शंका आहे, कारण तिच्यात दुःखापेक्षा समाधानाचा सूर अधिक आहे.

'ब्रेकिंग बॅड'च्याच पूर्वकथेची, म्हणजे 'बेटर कॉल सॉल'ची, 2022 मधील अखेर मला अधिक विचार करायला लावते. पकडला गेलेला वकील सरकारी वकिलांसमोर बसून, आपण स्वतःच कसे धाकदपटशाचे बळी होतो याची बेमालूम कहाणी रचतो. मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याची विधवा त्याच खोलीत बसून ती ऐकत असते. जन्मठेपेच्या पलीकडची शिक्षा तो अशा रीतीने साडेसात वर्षांवर आणतो. आणि मग भर न्यायालयात, कोणी भाग पाडले नसताना, ती कहाणी स्वतःच मोडून काढतो, आपल्या भावाच्या मृत्यूतला वाटाही बोलून दाखवतो आणि 86 वर्षांचा तुरुंगवास पत्करतो.

ख्रिस्ती परंपरेत या वळणाला जुने शब्द आहेत. कॅथलिक शिकवण पश्चात्ताप, पापकबुली आणि भरपाई या तिन्हींचा आग्रह धरते, तर प्रोटेस्टंट पंथ तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्माने नव्हे, कृपेने मिळते यावर भर देतात. मला वाटते, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट या दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि आज मी तुझ्या घरी उतरणार आहे असे सांगतो, ते त्याने एक नाणेही परत करण्याआधी. परंतु त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. कृपा आधी येते, पण ती आल्यावर हिशेब चुकवावासा वाटतो. याउलट येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला भरपाई करायला ना हात मोकळे आहेत ना वेळ आहे. त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपण कर्माचे योग्य फळ भोगत आहोत असे मोकळेपणी म्हणणे. आणि येशूकडून त्याला नंदनवनाचे आश्वासन मिळते. जक्कय आणि चोर यांच्यात दुसरे काहीही समान नसले तरी दोघेही स्वतःसाठी सबब पुढे करत नाहीत.

म्हणूनच मालिकांची परीक्षणे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की नायकाचा उद्धार झाला का, एवढ्यावर चर्चा थांबवू नये. त्याने ज्यांचे नुकसान केले त्यांना कथेने किती जागा दिली, हेही पाहावे. त्या विधवेने वकिलाला क्षमा केली, असे मालिका कुठेही दाखवत नाही. ती क्षमा देण्याचा अधिकार तिचा होता आणि लेखकांनी तो तिच्याकडेच राहू दिला.

आपली विश्वासू,
एक वाचक