मांगाच्या परीक्षणात चित्रांनाही जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत मांगाची ओळख बहुतेक वेळा 'मुलांना वेड लावणारी जपानी चित्रकथा' एवढ्यावरच आटोपते. चार ओळींत कथानक सांगितले की परीक्षण संपले. विनोदी फँटसी मांगावर यात फार अन्याय होतो, कारण तिथला विनोद कथानकापेक्षा बारकाव्यांत जास्त असतो. र्योको कुई यांची 'डंजन मेशी' ही मालिका घ्या. इंग्रजीत ती 'डिलिशस इन डंजन' नावाने मिळते. २०१४ ते २०२३ अशी ती 'हार्ता' या नियतकालिकातून आली आणि १४ खंडांत पूर्ण झाली.

कथेची सुरुवात साधी आहे. भुयारात उपाशीपोटी लढणारी टोळी लाल ड्रॅगनपुढे हरते आणि ड्रॅगन टोळीचा म्होरक्या लायोस याच्या बहिणीला, फालिनला, गिळतो. ड्रॅगनचे पचन मंद असते, त्यामुळे ती पचण्याआधी पोहोचलो तर तिला परत जिवंत करता येईल, ही आशा. पण सामान गेलेले, पैसे नाहीत, शिधा घ्यायची ऐपत नाही. मग वाटेत भेटणारे राक्षसी जीवच शिजवून खायचे ठरते. असल्या कल्पनेवर एखाद-दुसरा विनोद कुणीही करेल. कुई ती १४ खंड चालवतात, आणि ते जमते कारण त्यांच्या जगाचे नियम पक्के आहेत.

पहिल्याच प्रकरणातला रस्सा पाहा. सेन्शी हा ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जमातीचा स्वयंपाकी राक्षसी विंचवाच्या नांग्या, डोके, पाय आणि शेपटी काढून टाकतो. शेपटी खाल्ली तर पोट बिघडते आणि आतडे कडू लागते. अंगाला चिरा देतो, म्हणजे आतपर्यंत शिजते आणि रस्सा चांगला उतरतो. चालत्या अळंबीचे पाय चवदार म्हणून तेही पातेल्यात जातात, आणि वाळवलेला स्लाइम, म्हणजे बुळबुळीत गोळ्यासारखा जीव, शेवयांसारखा वर पडतो. शेवटी आपल्या पुरवणीतल्या पाककृती सदरासारखे साहित्य आणि पोषणमूल्यांचा आलेख. लेखिका स्वतः कुठेही हसत नाही, सगळे गंभीरपणे सांगते. शेजारच्या चौकटीत टोळीतल्या मार्सिल या एल्फ (लांब कानांच्या जमातीच्या) जादूगारणीचा चेहरा मात्र किळसेने वेडावाकडा झालेला असतो, आणि पुढच्या चौकटीत तीच आणखी वाढून मागत असते. हा सगळा परिणाम चेहऱ्यांच्या रेखाटनावर उभा आहे. कथासारांशात तो येऊच शकत नाही.

आपोआप चालणाऱ्या चिलखताचे प्रकरण तर नमुनेदार आहे. फँटसीत असे चिलखत म्हणजे जादू, पुढे विचारायचे नाही. इथे लायोसला ढालीच्या मागे अंडी दिसतात. चिलखताच्या पत्र्यांआड शिंपल्यातल्यासारख्या मऊ जीवांची वसाहत असते आणि ते सगळे मिळून चिलखत चालवतात. मग त्यांची परतून भाजी होते, सूप होते, काही जीव कवचासकट भाजले जातात. पुढे गोलेमच्या, म्हणजे जादूने चालणाऱ्या मातीच्या पुतळ्याच्या, पाठीवरच्या मातीत सेन्शीने लावलेली कोबी-गाजरे येतात. गोलेम ओलावा धरून ठेवतो आणि भाजी चोरू पाहणाऱ्याला हाकलतोही. काढणीपुरता त्याचा गाभा बाहेर काढायचा आणि काम झाले की परत बसवायचा. भुयारातली शौचालये स्वच्छ ठेवून त्यातूनच सेन्शी खत काढतो, हेही कुई सांगायला विसरत नाहीत!

या काटेकोरपणामुळेच पुढे मालिका गंभीर होते तेव्हा धक्का बसतो. कोण कुणाला खातो, हा सुरुवातीचा गमतीचा प्रश्न फालिनच्या बाबतीत भयंकर होऊन उभा राहतो. ते वळण चौथ्या खंडापासून सुरू होते, म्हणून पहिला खंड वाचून 'जेवणाची गंमत' असा शेरा मारून थांबू नये.

नव्या वाचकांसाठी थोडे. पान उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली वाचायचे. उलटे वाचले तर विनोदाचे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो, मग गंमत कशात आहे तेच कळत नाही. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचणे टाळावे, कारण कोपऱ्यातल्या चिलचकच्या, म्हणजे टोळीतल्या कुलुपे उघडणाऱ्या गड्याच्या, कंटाळलेल्या चेहऱ्यासारख्या गोष्टी पूर्ण पान दिसले तरच सापडतात. ट्रिगर स्टुडिओने केलेली २४ भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका २०२४ मध्ये आली, तीही सुंदर आहे. पण त्यात गती दिग्दर्शकाच्या हातात असते, चौकटीवर हवे तितके रेंगाळता येत नाही.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच, की मांगावर लिहून घ्याल तेव्हा परीक्षकाला चित्रांवर, चौकटींच्या मांडणीवर लिहायला सांगावे. प्रकाशकाच्या परवानगीने एखादे अख्खे पान सोबत छापावे, मूळ दिशेनेच, आणि अक्षरे वाचता येतील एवढे मोठे. मुखपृष्ठाचा तिकिटाएवढा फोटो पुरत नाही.

आपली,
एक वाचक, नाशिक