बाई, स्वेटर मामंजींच्या अंगाला बसला

प्रिय बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांत लिहिते आहे. गोव्यात, फोंड्यात राहून स्वेटर विणते म्हटलं की अजूनही लोक हसतात. तुम्ही काय शिकवलंत ते त्यांनाही कळू दे.

हसणाऱ्यांचंही फारसं चुकत नाही म्हणा. पणजीत ऐन जानेवारीत पहाटेसुद्धा पारा २० अंशांच्या आसपासच घुटमळतो. पण जत्रेचं नाटक रात्रभर बघणाऱ्याला विचारा. दुसरा अंक सरता सरता दंव उतरतं आणि म्हातारी माणसं कानटोपी चाचपू लागतात. आमच्या मामंजींचं जत्रेचं एकही नाटक चुकत नाही. त्यांच्यासाठी मी निवडलेला नमुना तुम्हाला दाखवला होता, आठवतं? गोल गळ्याचा, दोन-तीन रंगांची नक्षी असलेला, फोटोत अगदी देखणा.

तुम्ही फोटोकडे पाहिलंच नाही. विचारलंत, ‘‘कोण घालणार? कधी? आणि अंगात चढवणार कसा?’’

मामंजींचा उजवा खांदा धरलेला आहे, हात डोक्यावर जात नाही. म्हणजे डोक्यातून घालायचा स्वेटर तिथेच बाद. रंगीत नक्षीचंही तुम्ही समजावलंत. ही वीण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची. एका ओळीत दोन रंग चालतात, न वापरलेला धागा मागून ओढत न्यायचा, त्यामुळे कापड जवळजवळ दुप्पट जाड होतं. तिथल्या समुद्री वाऱ्यात ते हवंच, आपल्याकडे त्यात माणूस उकडून निघेल. लोकरही नको. पावसाळ्यात कपाटात तिला बुरशी येते, आणि त्यातून वाचली तर कसर लागते. शेवटी ठरला तो पुढून उघडा, व्ही गळ्याचा, मोठ्या बटणांचा साधा स्वेटर, सुती धाग्यात.

पण हाती आलेला नमुना लोकरीसाठी लिहिलेला होता. इथून पुढे तुम्ही जे केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके होते. माझ्या सुती धाग्याचा तुकडा तुम्ही हाताच्या पंजाएवढा विणायला लावलात, धुवून वाळवायला लावलात आणि त्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवायला सांगितलंत. सूत लोकरीपेक्षा जड आणि त्याला लवचीकपणा नाही, तेव्हा स्वेटर अंगावर आपल्याच वजनाने लांबतो, हे त्या तुकड्याने आधीच दाखवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी मधोमध ठेवलीत, कडेचे टाके सोडून दिलेत आणि सुईच्या टोकाने एकेक टाका मोजलात. २० भरले.

दोन टाक्यांनी काय होतं, असं मला वाटलं होतं. तुम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडलात. मामंजींची छाती ९६ सेंटिमीटर, आत सदरा असणार म्हणून १० सेंटिमीटर सैल, म्हणजे घेर १०६. नमुन्यात त्या मापाला २३३ टाके. तेवढेच माझ्या विणीत घातले असते तर घेर झाला असता ११६. चार इंच जास्त, अगदी झबलं! आणि मग तुमची युक्ती: त्याच नमुन्यातलं ९६ घेराचं लहान माप उचलायचं. त्याचे टाके २११, आणि माझ्या विणीत त्याचा घेर बरोबर १०५-१०६ भरतो. नमुना तोच, आकडे धाकट्या मापाचे. लांबी मात्र ओळी मोजून घ्यायची नाही, टेपने घ्यायची, तीही दोन-तीन सेंटिमीटर कमीच. मुंढ्याच्या ओळींचं गणित वेगळं करावं लागलं आणि तिथे मी पुरती कंटाळले होते, ते तुम्हाला दिसत होतंच. चहा टाकून तुम्ही ते शांतपणे स्वतः मांडून दिलंत.

सुयांचाही घोळ तुम्हीच सोडवलात. आपल्या जुन्या सुयांवरचा १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि अमेरिकन नमुन्यातला १० म्हणजे चक्क ६. तेव्हापासून मी नंबर वाचतच नाही, मिलिमीटर बघते.

मामंजी जरा वाकलेत. तयार स्वेटर त्यांना मागून नेहमी वर चढतो आणि पुढे लोंबतो. दुकानातली मंडळी यावर एक माप मोठा घ्या म्हणतात, म्हणजे तो खांद्यावरूनही घसरणार. तुम्ही पाठीच्या वरच्या भागात, दोन मुंढ्यांच्या मधे, अर्ध्या ओळी घालायला शिकवलंत: टोकापर्यंत न जाता मधूनच परत फिरायचं, दर वेळी थोडं आधी. मधे तेवढीच जास्त उंची तयार होते, घेर जसाच्या तसा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. माझ्या मते स्वेटरातलं सगळ्यात हुशारीचं काम हेच, आणि ते कुठल्याही फोटोत दिसणार नाही. बटणपट्टी बारीक सुयांवर आणि खांद्याच्या शिवणीत सुती फीत, या दोन गोष्टींमुळे धुण्यानंतरही तो ओघळलेला नाही.

मामंजींनी तो जत्रेत घातला. स्वतःच्या हाताने, कुणाला हाक न मारता. मध्यंतरात दोन बटणं उघडून बसले, ते चहाच्या गर्दीमुळे असावं. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी कुठून आणला म्हणून विचारलं, तर मामंजींनी माझं नाव सांगायच्या आधी तुमचं सांगितलं. मला राग आला नाही.

आता त्यांना खिसा हवा आहे, चष्मा आणि तपकिरीची डबी ठेवायला. सुती विणीत खिसा वजनाने खाली येईल अशी मला शंका आहे. आतून कापडाचं अस्तर लावून ते बाजूच्या शिवणीत धरलं तर चालेल का? रविवारी स्वेटर घेऊन येते. तुमच्यासाठी घरचे पातोळेही आणते, तेव्हा जेवणानंतर गोड काही खाऊ नका.

तुमची,
फोंड्याची विद्यार्थिनी