रनर तोडायच्या आधी

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या चार वेळा पाठ केल्या, पण डोळ्यांसमोर काही उभंच राहत नाही." तेव्हापासून तेच मनात घोळतंय. तुझ्या अभ्यासातलं मला काय कळणार? पण ओतकाम कळतं, म्हणून रक्तवाहिन्यांचं ओतकाम करणाऱ्या योसेफ हिर्टलबद्दल लिहितो.

तो १८१० साली आजच्या ऑस्ट्रियातल्या आयझेनश्टाट गावात जन्मला. वडील एस्टरहाझी सरदारांच्या वाद्यवृंदात ओबो वाजवायचे. १८३७ मध्ये तो प्रागला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८४५ पासून व्हिएन्नात शिकवू लागला. त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या वीस आवृत्त्या निघाल्या.

आपण पुतळा ओतताना मेण वितळवून काढतो आणि त्या जागी ब्राँझ भरतो. हिर्टलचं काम याच्या बरोबर उलटं. मेण आणि राळ यांचं गरम मिश्रण तो पिचकारीने धमनीत भरायचा. ते घट्ट झालं की अवयव आम्लात ठेवायचा. मांस विरघळून जायचं आणि मागे उरायचं रक्तवाहिन्यांचं अख्खं झाड, पार केसाएवढ्या फांद्यांपर्यंत. मूत्रपिंडाच्या अशा झाडात त्याला दिसलं की धमनीच्या पुढच्या फांद्या वेगळ्या, मागच्या वेगळ्या आणि दोन्हींच्या मधे मोठी वाहिनी नसलेला एक पट्टा आहे. पुढे सर्जन मूत्रपिंड तिथूनच उघडू लागले, कारण तिथे रक्त कमी जातं. सुरीने कापत बसलं असतं तर ही वाट सापडणं कठीण होतं. तू पाठ करतेस ती नावं याच फांद्यांची आहेत गं.

ऑक्टोबर १८४८ च्या व्हिएन्नातल्या उठावात त्याचं घर जळालं. नमुने गेले, हस्तलिखितं गेली. २०१९ ला आपल्या कारखान्यात पुराचं पाणी शिरलं, साच्यांचा चिखल झाला आणि मी दोन दिवस दारात नुसता बसून होतो, ते तुला आठवत असेल. त्यामुळे त्या माणसाचं काय झालं असेल ते मला वाचतानाच कळलं. त्याने पुन्हा पिचकारी हातात घेतली.

अजून एक सांगायचंय. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असं तेव्हा पुष्कळ लोक मानत. ते खोटं ठरवायला हिर्टलने कवट्या जमवल्या. त्यांतल्या १३९ कवट्या १८७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयाने विकत घेतल्या. त्यांच्यावर माणसांची माहिती लिहिलेली आहे. एकीवर आहे, जिरोलामो झिनी, वय २०, दोरीवर चालणारा, मान मोडून मृत्यू. तुझ्याहून एक वर्षाने मोठा पोरगा. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. या लोकांना कोणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट मला अजून बोचते. तरी त्यांचं नाव राहिलं. तुमच्या शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या आजोबांना नुसता नंबर आहे असं तू सांगितलंस. सुरी लावण्याआधी तू मनात त्यांना नमस्कार करतेस हेही सांगितलंस. ते सोडू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा एक ओतकाम रनर न तोडता तसंच ठेवतो. पितळ ज्या वाटांनी आत गेलं त्या सगळ्या फांद्यांसकट. आई कुरकुर करेल, पण ते घरातच आणतो. मूत्रपिंडाचं पान उघडून शेजारी बस, मग बघू.

तुझा,
बाबा