मनू, रविवारी फोन मीच कट केला

मनू,

रविवारी रेंज गेली असं आईला सांगितलं, पण फोन मीच कट केला. तू म्हणालीस, बाबा तुम्ही पण जन्मभर पाणीच मोजलंत ना, तेव्हा कुणी विचारलं का कशाला म्हणून. मला उत्तरच सुचेना.

आज नोकरीचं काढायचं नाही असं ठरवून टाईप करतोय. ग्रहाचं गुरुत्वाकर्षण यानावरून कसं मोजतात ते तू सांगितलेलं वहीत परत काढून बघितलं. यान ग्रहाच्या जवळून जाताना खाली जास्त वस्तुमान असेल तिथं जरा जास्त ओढलं जातं, त्याचा वेग बदलतो, म्हणून त्याची रेडिओ लहर आपल्यापर्यंत बदलून येते, आपल्या घाटात एसटी अंगावरून पुढं गेली की हॉर्नचा सूर उतरतो तसं. बरोबर का? आणि सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा फरकसुद्धा कळतो म्हणे. आम्ही पण पाऊस मिलिमीटरच्या दशांशातच लिहायचो की, फक्त आमचा ग्लास हातात असायचा आणि तुमचं यान कोट्यवधी किलोमीटर लांब.

तुझं ते ज्यूस यान १४ एप्रिल २०२३ ला उडालं, गुरूपाशी पोचणार जुलै २०३१ मध्ये. म्हणजे खरी मोजणी तेव्हा, आणि तोवर तुझ्या शिक्षणाचे हप्ते... बघ, आलोच मी तिथं.

आता आलोच आहे तर बोलून टाकतो. युरोपच्या स्पेस एजन्सीत बहुतेक जागा त्यांच्या सभासद देशांच्या लोकांना, नासात कायम नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. तुझी तिथल्या डेल्फ्ट विद्यापीठाची डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला हॉलंडवाले एक वर्ष देतात, ते वर्ष कसं उडून जातं कळणार पण नाही तुला. त्या ड्रोनवाल्यांच्या नोकरीला नाही म्हणायच्या आधी एकदा विचारायचं होतंस, हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागू नये एवढं तरी... जाऊ दे. सॉरी. हे सगळं तुला माझ्या आधीपासून माहीत आहे.

तिसरीत होतीस तेव्हाचं आठवतं का? ऑक्टोबर, आभाळ कोरडं ठणठणीत, आणि मी सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडला तर बाटलीत ५० मिलिमीटर! शेजारच्या केंद्रावर शून्य. मी नरसाळं बघतोय, बाटली हलवून बघतोय, आणि तू दाराआड. अतिवृष्टी झाली की शाळेला सुट्टी मिळते म्हणून तांब्याभर पाणी ओतलं होतंस. मी ओरडलो, आणि मग तुला सांगितलं की अतिवृष्टीला ६५ लागतात, १५ कमी पडले. तुझी आई अजून म्हणते पोरीला मीच बिघडवली. त्या दिवशी नोंद शून्यच केली, पण वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं ५० लिहून ठेवलंय, ती वही आहे माझ्याकडे.

बरं, चंद्रयान ३ च्या विक्रमवर तो चास्ते होता ना, मातीत खुपसायचा थर्मामीटर, १० सेन्सरवाला. वर ५० डिग्रीच्या पुढं आणि ८ सेंटीमीटर खाली उणे १०! तो आलेख मी कापून देवघराच्या कपाटाला लावलाय. तो इस्रोच्या तिरुअनंतपुरमच्या लोकांनी अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन प्रयोगशाळेबरोबर केला. अहमदाबाद काही फार लांब नाही, कोल्हापुरातून गाडी आहे. नुसतं सांगतोय.

मामाच्या पोराला तुझा विषय सांगताना मी नेहमी जरा मोठ्यानं बोलतो असं आई म्हणते. असेल.

जुलैचा हप्ता भरलाय. एफडी मोडली, पण आईला अजून सांगितलेलं नाही, तू पण बोलू नको. माझं हे सारखं नोकरी नोकरी त्यातनं येतंय, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. थिसिसला ज्या सरांकडे जायचंय त्यांच्याकडे जा.

गच्चीवर जुना पर्जन्यमापक लावलाय. आज साडेआठला ३८.४. पाण्याच्या रेषेला डोळा लावून बघितलं, दोनदा.

बाबा