इच्छांच्या यादीत स्वतःसाठी एक ओळ

मा. संपादक,
स. न.

कापसाला भाव मिळू दे, पोराला नोकरी लागू दे, सुनेचं बाळंतपण सुखरूप होऊ दे. आमच्या जामनेर-पहूर भागात बचत गटाच्या बैठकीत बायकांना आपापल्या इच्छा लिहा म्हटलं की वहीत हेच उतरतं. यातलं एकही लिहिणारीच्या हातात नसतं, म्हणून वाचल्यावर धीर येण्याऐवजी घोर वाढतो. शेवटी आम्ही अट घातली, स्वतःपुरतं आणि वर्षभरात स्वतःला जमेल तेच लिहायचं.

एक आजी पेन धरून बसूनच राहिल्या. "मन्हाकरता काय लिखू व माय?" मग लिहिलं, अजिंठा पाहणे.

1983 पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत, जगभरातून माणसं येतात. आजी मात्र फर्दापूरच्या फाट्यावरून एसटीने कितीदा गेल्या असतील, उतरल्या कधीच नाहीत. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेही त्यांना ठाऊक होतं. अडलं होतं ते इच्छा कुणापुढे बोललीच नव्हती म्हणून. वहीतली ओळ सगळ्यांनी वाचली आणि जो तो विचारू लागला, "मग कधी निघायचं?"

26 नंबरच्या लेण्यात निजलेल्या बुद्धाच्या खाली शोक करणारी माणसं कोरली आहेत. आजी तिथून लवकर हलेनात. परतताना बसमध्येच पुढची इच्छा ठरली, मुलाला न धाडता बँकेतून स्वतः पैसे काढायचे. काढलेही. पहिली स्लिप खाडाखोडीत गेली, दुसरी कॅशियरने घेतली.

भिंतीवर गाडी-बंगल्याची चित्रं चिकटवा म्हणणारे वक्ते हल्ली गावोगाव येतात. मला ते पटत नाही. अवकाळीने वेचणीचा कापूस भिजला त्या वर्षी ते चित्र पाहून माणूस आणखी खचतो. त्याच वर्षी बँकेच्या खिडकीपर्यंत एकटं जाऊन आलेली बाई मात्र पीकविम्याचं विचारायलाही स्वतः जाते, हे मी पाहिलं आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. तेव्हा गावोगावच्या गटांनी अशी एक वही फिरवावी. गडीमाणसांनाही द्यावी, त्यांचं पान बहुधा जास्त वेळ कोरं राहील. आणि कुणी अजिंठा लिहिलंच तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

– एक वाचक, ता. जामनेर, जि. जळगाव