मुक्ताचा खांदा

प्रिय सुमे,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. शिव्या घाल, पण आधी हे वाच. माझी तब्येत ठीक, थायरॉइडची गोळी चालू, ह्यांची शुगर काठावर. बास.

विषय मुक्ताचा आहे. म्हैसूरहून अष्टांग शिकून आलीय, तो श्वासाच्या ठेक्यावर उड्या मारत करायचा योगाचा प्रकार. पहाटे हॉलमध्ये मॅट टाकते आणि तिच्या उज्जायीचा, त्या घशातून घासत घेतलेल्या श्वासाचा, आवाज पार स्वयंपाकघरात येतो. चहा ठेवता ठेवता माझं लक्ष जातंच. प्रत्येक चतुरंगात, म्हणजे कोपरं वाकवून अंग जमिनीलगत आडवं तोलतात त्या आसनात, उजवं कोपर बाहेर फाकतं आणि खांदा खाली लोंबतो. नंतर केस बांधायला हात वर नेला की ओठ दाबून धरते. विचारलं तर, "काही नाही गं."

परवा म्हटलं, थोडे दिवस उड्या बंद ठेव, भिंतीशी उभी राहून पाठीची पाती आत घ्यायला शीक. तर म्हणे, "आई, तुझा योग म्हणजे फर्निचरचं दुकान!" अगदी तुझं वाक्य! पुण्यातल्या मॉडेल कॉलनीतल्या आमच्या अय्यंगार योग संस्थेतून बाहेर पडताना तू माझ्या पट्ट्या-विटांवरून हेच बोलली होतीस. मीही मग तुझ्या लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेला 'आसन थोडं, शवासन फार' म्हटलं होतं, ते तू अजून विसरली नाहीस, ठाऊक आहे. तिथले संस्थापक स्वामी कुवलयानंद, त्यांनी यंत्र लावून नौलीतला, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायच्या क्रियेतला, पोटातला दाब कसा मोजला, हे तू मला किती वेळा ऐकवलंस!

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मुक्ता आणि मी भांडतोय, पण तिचा योग आणि माझा योग एकाच घरातली भावकी. योगगुरू कृष्णमाचार्य म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवायचे. पट्टाभी जोइस त्यांचे शिष्य, अय्यंगार तर मेहुणेच. १९३७ मध्ये अय्यंगार पुण्यात आले आणि एकेक आसन थांबवून उलगडत बसले. जोइसांनी श्वासाला बांधलेला क्रम धरून ठेवला, तेच मुक्ताचं अष्टांग. आणि आचार्य स्वतः? पुढे मद्रासला माणूस बघून आसन बदलत राहिले. मग हिच्या खांद्याकडे बघून चार चतुरंग गाळले तर काय बिघडेल? पण नाही. अष्टांगच्या पहिल्या मालिकेत बसलेल्या आसनांच्या मधे मधे ते येतंच, आणि ही एकही सोडत नाही.

एक मात्र मला आवडलं. म्हैसूरला म्हणे सगळे एका खोलीत, पण जो तो आपल्या गतीने, आपल्या श्वासावर करतो. आधीचं आसन जमलं की गुरू पुढचं देतात. आमच्यासारखी "गुडघा! गुडघा वर!" अशी ओरड नाही. तेवढ्यासाठी मीही गेले असते.

खरी धास्ती पुढेच आहे. पुढच्या महिन्यापासून ही सोसायटीतल्या बायकांचा वर्ग घेणार आहे. त्यातल्या निम्म्यांचे खांदे आखडलेले, गुडघे गेलेले. स्वतःचं दुखणं लपवणारी पोरगी त्यांचं दुखणं ऐकेल? मी विचारलं तर "खुर्च्या आणायच्या का तुझ्या?" म्हणून हसली. आणायच्याच, असं मी म्हटलं, आणि दार आपटलं गेलं.

तुझा नाशिकचा फ्लॅट लागला का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं? चिन्मयला नोकरीबद्दल अभिनंदन सांग, सविस्तर नंतर लिहिते.

तिला फोन कर ना. सुमामावशीचं ती ऐकते. आठवडाभर लोणावळ्याला घेऊन जा, तिथला संथपणा तिला बघू दे, आणि आधी कुणा चांगल्या डॉक्टरला खांदा दाखवायला लाव. मी सांगितलं असं म्हणू नकोस. फर्निचरवरून मात्र दोघी मिळून हसायचं नाही.

तुझी,
विजू